पहिल्या गादीसाठी : तानसेन समारोहातले काही दिवस

रविवार

इंदूरहून ग्वाल्हेरला जाणारी रात्रीची गाडी उज्जैन, मक्सी, शाजापूर, ब्यावरा करत गुन्याला पोहोचते, आणि तिथून शिवपुरीकडे वळली की खिडकीच्या फटीतून येणारा वारा असा बोचू लागतो की माळव्यातली शाल इकडे नुसती शोभेची ठरते. डिसेंबराच्या मध्यात आम्ही दोघी मैत्रिणी तानसेन समारोहासाठी निघालो होतो. दोघींनी गाणे एकाच वर्गात शिकलेले, दोघीही आता नोकरीत अडकलेल्या, आणि दोघींचे आवडते गायकही एकच. बुधवारच्या सकाळच्या सभेत त्यांचे गायन होते. त्यांचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण हे त्यांच्या गाण्याचे परीक्षण नव्हे. त्यांच्यासमोर अगदी पुढे बसता यावे म्हणून जी रात्र काढली, तिची ही हकीकत आहे.

या समारोहाला तिकीट नसते. निमंत्रितांसाठी राखलेल्या जागा सोडल्या तर उरलेली बैठक सर्वांना खुली असते, आणि त्यामुळे पुढची गादी पैशाने नव्हे, वेळेने मिळते. मैत्रिणीला हे ठाऊक होते, कारण तिची मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीस की गोठ या वस्तीत राहते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि पुढे त्या छावणीचेच शहर झाले. म्हणून या भागाचे नाव आजही लष्कर, आणि पाटणकर बाजार, फालका बाजार, मामा का बाजार अशी मराठी-हिंदीची सरमिसळ गल्लोगल्ली. मावशींच्या बोलण्यातही तीच सरमिसळ. "पाणी गरम होऊन राहिलंय, आधी न्हाऊन घ्या, मग बाकीचं," हे त्यांचे स्वागताचे वाक्य. संध्याकाळी शहराच्या हजिरा भागातल्या इंटक मैदानावर 'गमक' हा समारोहाचा पूर्वरंग होता, पण गाडीतली अपुरी झोप भरून काढणे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटले.

सोमवार

समारोहाची सुरुवात सकाळी समाधीपाशी होते, आणि ज्याला संध्याकाळच्या झगमगीत सभेपलीकडे हा उत्सव काय आहे हे पाहायचे असेल त्याने ही सकाळ चुकवू नये. हजिऱ्याच्या बागेत आधी समोर येते ते मोहम्मद गौस यांचे थोरले मकबऱ्याचे दालन. गौस हे शत्तारी परंपरेचे सूफी. १५६३ साली ते वारले. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, आणि भिंतींच्या जागी सगळीकडे दगडी जाळ्या. जाळीला डोळा लावून पाहिले तर बोटभर जाडीच्या दगडातून कोरलेल्या चांदण्या आणि षट्कोन एकमेकांत असे अडकलेले दिसतात की नक्षी कुठे सुरू झाली ते सापडत नाही, आणि दोन जाळ्यांमध्ये नक्षी सारखी असेल असे गृहीत धरले तर तिसऱ्या जाळीशी ते गृहीतक कोसळते. तानसेनाची समाधी या भव्य इमारतीच्या शेजारी, उघड्या चौथऱ्यावर, खांबांच्या छोट्या मंडपात आहे. इतक्या मोठ्या नावाला इतकी लहान जागा पाहून बाहेरगावचे लोक थबकतात. जवळच चिंच आहे. तिची पाने चघळली की गळा गोड होतो अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि मूळ झाड गेले, नंतरचे आले, तरी समजुतीला काही धक्का बसलेला नाही. मैत्रिणीने एक पान तोंडात टाकले. मी टाकले नाही.

आधी सनई झाली. मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा झाली आणि तिच्यामागून मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठण. समाधीवर चादर चढवली गेली. १९२४ साली माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत तानसेनाचा उरूस म्हणून हा उत्सव सुरू झाला, २०२४ मध्ये त्याने शंभरी गाठली, आणि या काळात त्याचे स्वरूप दरबारी उरुसापासून राज्याच्या मोठ्या संगीतोत्सवापर्यंत बदलले. मात्र सकाळचा हा क्रम टिकून राहिला. कीर्तनकाराचा फेटा आणि मौलवींची टोपी एकाच सतरंजीवर पाहताना कोणी त्याकडे बोट दाखवून भाषण केले नाही, हे मला विशेष आवडले. हरिकथेत निरूपण नादब्रह्माचे होते. मराठी कीर्तनाची पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी ओळखीची, भाषा मात्र हिंदी.

संध्याकाळची उद्घाटनाची सभा आम्ही बरीच मागून ऐकली. तिथून मंच दिसत होता, आवाजही स्वच्छ येत होता. पण येत होता तो ध्वनिक्षेपकाचा आवाज, आणि त्यामुळेच बुधवारचे काय करायचे ते ठरले.

मंगळवार

सभा संध्याकाळी सुरू झाली. प्रत्येक सभेचा आरंभ ध्रुपदाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या, गंभीर गायकीने करण्याची इथली रीत आहे आणि तो मान बहुधा शहरातल्या संगीत विद्यालयांकडे असतो. ध्रुपदाला ग्वाल्हेरात असे अग्रस्थान मिळणे रास्तच आहे, कारण राजा मानसिंह तोमराच्या (१४८६ ते १५१६) आश्रयाने ते इथेच वाढले, आणि अकबराच्या दरबारात १५६२ साली जाण्यापूर्वी तानसेन रीव्याच्या रामचंद्र बघेलांकडे होता तेव्हाही जे गात होता ते ध्रुपदच. नंतर सतार झाली, मग ख्याल, आणि शेवटच्या कलाकाराने रात्रीच्या त्या प्रहराला शोभणारा दरबारी कानडा घेतला. तो राग तानसेनाच्या नावावर सांगितला जातो, तेव्हा त्याच्या समाधीशेजारी तो गाणे हे धाडसच. गायकाने ते निभावले. सभा संपली तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

सकाळची सभा दहाला होती. लष्करात परत जाऊन, झोपून, पुन्हा येऊन पुढची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. "इथंच थांबू या का?" असे मैत्रीण म्हणाली तेव्हा तिच्या पिशवीत दोन घोंगड्या, एक सतरंजी, थर्मास आणि मावशींनी दिलेला पोळी-चटणीचा डबा निघाला, प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर ठरवून ती आली होती. मंडप रिकामा करून फाटक लावून घेण्यात आले. रखवालदाराने आम्हांला सौम्यपणे सांगितले, "बहनजी, सुबह नौ से पहले नहीं खुलेगा." आम्ही फाटकाबाहेर भिंतीच्या कडेला सतरंजी पसरली.

आम्हीच पहिल्या असू असे वाटले होते, परंतु तिथे आधीच मंडळी होती. ध्रुपद शिकणारे काही विद्यार्थी, झाशीहून आलेले एक जोडपे, आणि लष्करातले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळेच काका म्हणत होते म्हणून आम्हीही म्हणू लागलो. कानटोपी, वर मफलर, त्यावर शाल, आणि हातात घडीची खुर्ची. एका विद्यार्थ्याने वही काढून आलेल्यांची नावे क्रमाने लिहून घेतली. आमचा क्रमांक नववा आणि दहावा. वहीला कोणाचाही शिक्का नव्हता, तरी तिच्यावर सर्वांचा विश्वास होता, आणि नियम काकांनी घालून दिले: जागा माणसाची, वस्तूची नाही. चपला, पिशवी, शाल ठेवून घरी झोपायला जाणाऱ्याचे नाव खाली जाईल. चहाला किंवा अन्य कामाला जायचे तर शेजाऱ्याला सांगून जावे आणि अर्ध्या तासात परत यावे. पुढे पहाटे कोणी एक सद्‌गृहस्थ येऊन पाच नातेवाइकांच्या नावाने पाच रुमाल अंथरू लागले, तेव्हा काकांनी ते रुमाल एकेक घडी घालून त्यांच्या हाती दिले आणि त्यांना शेवटी उभे केले. आवाज न चढवता हे कसे करावे, ते मी तिथे पाहिले.

पारा एक आकडी झाला होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर ओंडके पेटवलेले होते, तिथे पाळीपाळीने जाऊन हात शेकायचे आणि परत यायचे, असा क्रम आपोआप लागला. धुके उतरले तेव्हा मकबऱ्याचा घुमट आधी दिसेनासा झाला, मग फाटक.

काका बोलके होते. त्यांचे वडील माधव संगीत विद्यालयात शिकलेले. १९१८ मध्ये माधवरावांच्या पुढाकाराने आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ते सुरू झाले आणि राजाभैया पूछवाले यांच्यासारखे गायक तिथे शिकवीत. काकांनी स्वतः ग्वाल्हेर गायकीचे थोर गायक कृष्णराव शंकर पंडित यांना त्यांच्या उतारवयात ऐकलेले. पंडितांचा जन्म १८९३ चा आणि निधन १९८९ चे, म्हणजे काका तेव्हा तरुण असणार. "ग्वाल्हेरच्या गाण्यात राग लपवायचा नसतो," ते म्हणाले. "बाकीचे दार किलकिलं करतात. आपल्याकडे सरळ ओसरीवर आणून बसवायचं." मैत्रिणीला हे पटले नाही. तिचे म्हणणे, थोडे लपवल्यानेच उत्कंठा वाढते. या वादात तास सहज गेला, आणि मग काकांनी हद्दू-हस्सू खाँची कथा काढली.

ती ग्वाल्हेरात अशी सांगतात. दौलतरावांच्या दरबारी बडे मोहम्मद खाँ हे तानबाजीत बिनतोड गवई होते आणि ती विद्या ते कोणाला देत नसत. गवई नत्थन पीरबख्शांच्या नातवांना, म्हणजे हद्दू आणि हस्सू या भावांना, महाराजांनी आडोशाला बसवून त्यांचे गाणे महिनोन्‌महिने ऐकवले. आणि एके दिवशी भर दरबारात पोरांनी त्याच ताना गाऊन दाखवल्यावर खाँसाहेब संतापून निघून गेले. कथेचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण ग्वाल्हेर गायकीत सपाट, म्हणजे सरळ चढत-उतरत जाणारी तान कुठून आली याचे उत्तर म्हणून ती सर्वत्र मानली जाते. "तेही असेच ताटकळले असतील की," झाशीच्या बाई म्हणाल्या. "त्यांना पडद्याआड शेगडी तरी असेल," असे त्यांचे यजमान पुटपुटले.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे या गायकीचा आपल्याकडे येण्याचा रस्ता. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि त्यांनी ती विद्या दक्षिणेत नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे पुण्या-मिरजेत जे 'आपले' गाणे म्हणून मिरवते, त्याचा उगम या रस्त्यावरून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. काका हे सांगताना जरा ताठ बसले होते, आणि त्यांचा तो हक्क मला मान्य आहे.

पहाटे चारच्या सुमारास विद्यार्थ्यांपैकी पखवाज वाजवणारा मुलगा अस्वस्थ होऊन आमच्यापाशी आला. सकाळच्या सभेच्या आरंभीच्या ध्रुपदाला साथ त्याचीच होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, शाई (तबल्यावर दिसतो तो काळा लेप) नसते. वाजवण्यापूर्वी तिथे ओली कणीक थापावी लागते, आणि ती किती, कशी मळलेली, यावर खर्जाचा नाद अवलंबून असतो. त्याच्याजवळ स्टीलच्या डब्यात पीठ होते, पण बाटलीतले पाणी हाताला चटका बसावा इतके गार होते. तशा पाण्याने कणीक चिवट होते आणि लवकर सुटते, असे तो म्हणाला. मैत्रिणीने थर्मासातले गरम पाणी झाकणभर ओतून दिले. त्याने डब्याच्या झाकणातच पीठ मळले, तळहाताने पुन्हापुन्हा दाबून, थोडे पाणी, पुन्हा दाबून, आणि गोळा धुमेच्या मध्यावर थापून बोटांनी कडेकडेला पातळ करत नेला. मग एकच थाप. फाटकाबाहेरच्या धुक्यात तो 'धा' इतका गोल आणि खोल उठला की शेकोटीपाशी बसलेले लोक वळून पाहू लागले. ही केवळ परीक्षा होती. त्याने लगेच कणीक खरवडून काढली आणि गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. आम्हांला चहा मिळाला नाही तो नाहीच, कारण थर्मासात चहासाठीचे पाणी होते.

बुधवार

सात वाजता बेडई, म्हणजे डाळीचे सारण भरलेली पुरी, आणि जिलबी आली. विद्यार्थ्यांपैकी दोघे जाऊन सर्वांसाठी घेऊन आले. पत्रावळीतल्या बटाट्याच्या रश्श्याने बोटांना ऊब आली, आणि रात्रभर गप्प असलेली मंडळीही बोलती झाली. फाटक सव्वानऊला उघडले. वहीप्रमाणे सगळे शिस्तीत आत गेले, परंतु मंडपाच्या तोंडाशी आल्यावर शेवटची चाळीस पावले कोणीच शिस्त पाळली नाही. काकांनी तर खुर्ची खांद्यावर टाकून धावच घेतली. राखीव जागांच्या मागची, मध्यावरची, मंचाच्या अगदी समोरची गादी आम्हांला मिळाली.

आता पुढे बसण्याचा हट्ट का, ते सांगते. मान म्हणून नव्हे, आणि कलाकाराचा चेहरा दिसावा म्हणूनही नव्हे. ध्वनिक्षेपक जे पोहोचवत नाही ते तिथे ऐकू येते. पखवाजाच्या मुलाची धूम त्या थंडीत टिकली, आणि ती मला छातीत जाणवली. मागे बसले असते तर तिचा फक्त ठोका कळला असता. ध्रुपदानंतर आमचे गायक आले. तंबोऱ्याच्या तारा सारख्या उतरत होत्या, त्यामुळे जुळवणीला बराच वेळ लागला. ते स्वतः मान तिरकी करून ऐकत, शिष्याला फक्त बोटाने 'जरा वर' दाखवीत, आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, नीट खुलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ही सगळी जुळवणी मागच्या लोकांना विलंब वाटला असणार; काही जणांनी मोबाईल काढले होते.

त्यांनी अल्हैया बिलावल हा राग घेतला. पहिल्या काही आवर्तनांतच राग ओसरीवर येऊन बसला. मी मैत्रिणीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, तिलवाडा या तालात होता, पण आजकाल सर्वत्र ऐकू येणाऱ्या अतिविलंबिताइतका संथ नव्हता. त्यामुळे बोल तुटत नव्हते, अर्थ टिकत होता, आणि सम येण्याची वाट पाहण्याचा आनंद श्रोत्यांनाही घेता येत होता. अस्थायी-अंतरा पुरता गाऊन झाल्यावरच विस्तार, मग बोलबांट, म्हणजे शब्द लयीत वाटून मांडणे, मग ताना, तार षड्जावरून खर्जापर्यंत एका श्वासात उतरणाऱ्या, सरळ आणि दाणेदार. अशा एका तानेनंतर ते तबलजींकडे झुकून हळूच म्हणाले, "थोडं चढवा." मंचावरून ते आम्हांला ऐकू आले आणि लय चढताना आम्ही तयार होतो. तान संपवून घेतलेला श्वासही ऐकू आला. साठी उलटलेल्या माणसाचा तो श्वास होता, आणि गळ्यात तो कुठेच जाणवत नव्हता.

नंतर देसी हा राग झाला, तो मला किंचित घाईचा वाटला. शेवटी टप्पा, म्हणजे चपळ तानांनी भरलेला गानप्रकार. ग्वाल्हेरच्या गायकांनी टप्पा जपला आहे, आणि त्या दाणेदार, झटक्यात वळणाऱ्या जागा साठीनंतर घेणे सोपे नाही. काकांनी खुर्चीतूनच "वाहवा" म्हटले, ते सभेतल्या टाळ्यांपेक्षा मोठे होते. निघताना ते आमच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "संध्याकाळी नका येऊ. झोपा." आम्ही झोपलो.

गुरुवार

सकाळी जीवाजीगंजातले सरोदघर पाहिले. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात त्यांचे पुत्र अमजद अली खाँ यांनी उभारलेले हे वाद्यसंग्रहालय लहान आहे, पण नीटनेटके आहे. अफगाणी रबाबापासून सरोद कसा घडत गेला ते तिथे शेजारी-शेजारी ठेवलेल्या वाद्यांवरून डोळ्यांनी कळते. दुपारी तीळ-गुळाची गजक घेतली. संध्याकाळची सभा मागून ऐकली आणि तक्रार केली नाही.

शुक्रवार

अखेरच्या दिवशी सकाळची सभा बेहटला असते. ग्वाल्हेरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे हे गाव तानसेनाचे जन्मस्थान मानले जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुलू लागली होती. झिलमिल नदीच्या काठी जुने शिवमंदिर आहे, ते एका बाजूला कललेले. तानसेनाच्या गाण्याने ते कलले अशी कथा गावकरी सांगतात, आणि सांगताना मंदिराकडे हाताने दाखवतात, म्हणजे पुरावा समोरच आहे. इथे ना वही, ना फाटक. गावातली बाया-पोरे, शेतावरून आलेले लोक, सायकली, शेळ्या, आणि पुढे बसायला हवी तेवढी जागा. सभा ध्रुपदाने सुरू झाली. पखवाजाला वेगळा मुलगा होता. त्याची कणीक मधेच सुटून मंचावर पडली, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी, बहुधा स्वतः भजनात मृदंग धरणारे असावेत, "और पानी डालो भैया" असा सल्ला मोठ्याने दिला, आणि त्याने तो ऐकला.

गुजरी महालात संध्याकाळी समारोहाची अखेरची सभा होती. मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी बांधलेल्या त्या वास्तूच्या चौकात, किल्ल्याच्या पायथ्याशी, गाणे कसे वाटते ते ऐकण्याची फार इच्छा होती. पण आमची गाडी संध्याकाळचीच होती आणि शनिवारी मैत्रिणीला कामावर हजर राहायचे होते. मावशींनी पुन्हा डबा दिला. गाडी सुटल्यावर मैत्रीण म्हणाली की देसी घाईचा नव्हताच, तो मध्यलयीतच मांडायचा असतो, आणि मला झोप आली होती म्हणून तसे वाटले. मी म्हटले की आरोहात धैवत-गंधार वगळण्याची जागा त्यांनी दोनदा निसटती घेतली. तिने ती जागा गाऊन दाखवली. मीही गाऊन दाखवली. शिवपुरी येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या मतावर ठाम होतो, आणि वरच्या बाकावरच्या गृहस्थांनी दिवा मालवण्याची विनंती केली ती दुसऱ्यांदा होती.